वय झालं म्हणजे शरीरात नेमकं काय झालं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाबा ७२ वर्षांचे, तापाने बारा दिवस अंथरुणाला खिळून होते. ताप उतरला, तपासण्या ठीक आल्या. पण आता खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागतो, जिन्यात मध्येच थांबावं लागतं, आणि भेटायला येणारा प्रत्येक जण 'वय झालं आता, चालायचंच' म्हणून जातो. वयाप्रमाणे शरीरात नेमकं काय बदलतं, त्यातलं किती निमूटपणे मान्य करायचं आणि भावाने आणलेल्या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या द्यायच्या का, असं तुम्ही विचारलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, वीसेक वर्षं मुख्यतः साठीपुढच्या रुग्णांबरोबरच काम करतेय. उत्तर लांबणार आहे, पण बाबांच्या बाबतीत घाई करण्यासारखी एक गोष्ट आहे, ती आधी सांगते.

महिन्यापूर्वी बाबा हात न टेकता उठत होते. बारा दिवसांत माणूस दहा वर्षांनी म्हातारा होत नाही. हे बरंचसं अंथरुणाचं काम आहे, आणि अंथरुणाने नेलेलं बऱ्याच अंशी परत आणता येतं. मात्र ते आपोआप येत नाही, आणि जितका उशीर कराल तितकं जड जातं.

१९६६ साली अमेरिकेत डॅलसमध्ये विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे बिछान्यात ठेवलं होतं. जास्तीत जास्त श्रमाच्या वेळी शरीर किती ऑक्सिजन वापरू शकतं ते आधी आणि नंतर मोजलं. आकडा खूप खाली आला. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. पन्नाशीत पोचलेल्या, वजन वाढलेल्या या माणसांची क्षमता तरुणपणी तीन आठवडे झोपून काढल्यावर झाली होती तितकी वाईट नव्हती. म्हणजे तीन आठवड्यांच्या बिछान्याने तीस वर्षांच्या वयापेक्षा जास्त नुकसान केलं होतं. मग त्यांना सहा महिने हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम दिला, आणि ते १९६६ च्या मूळ पातळीपर्यंत परत पोचले. वयस्कर माणसांत हे आणखी झपाट्याने होतं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी लोकांनी फक्त १० दिवस अंथरुणात काढले, आणि त्यांच्या पायांतले जवळजवळ एक किलो स्नायू गेले. ते आजारीही नव्हते. बाबांना तर वर ताप होता.

माझ्या आईचं मनगट मोडलं होतं. पायांना काहीच झालं नव्हतं. तरी 'पडली आहे, आराम करू दे' म्हणत आम्ही तिला पाच आठवडे सगळं हातात दिलं, पाणीसुद्धा उठून घेऊ दिलं नाही. प्लास्टर निघालं त्या दिवशी ती पलंगाच्या कडेला बसली आणि तिला उभंच राहता येईना. मी तेव्हा याच व्यवसायात होते आणि मायेपोटी माझंही तिकडे लक्ष गेलं नाही. ते अजून सलतं. म्हणून सांगते, बाबांना सगळं हातात देणं आजपासून बंद करा.

आता वयाचं म्हणाल तर ते आहेच. तिशीनंतर दर दहा वर्षांना साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात, आणि साठीनंतर वेग वाढतो. १९८९ मध्ये अर्विन रोझेनबर्ग यांनी या झिजेला सार्कोपेनिया हे नाव दिलं. वजनकाट्यावर ती दिसत नाही, कारण स्नायूंची जागा चरबी घेते आणि आकडा तोच राहतो. पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते स्नायूच्या मागे काय घडतं. मज्जारज्जूतल्या एकेका चेतापेशीच्या ताब्यात स्नायूतल्या तंतूंचा एक गट असतो. वयाबरोबर यातल्या काही चेतापेशी मरतात आणि त्यांचे तंतू पोरके होतात. काहींना शेजारची चेतापेशी आपल्यात सामावून घेते, उरलेले सुकून जातात. पोरके होणाऱ्यांत झटकन आकुंचन पावणारे तंतू जास्त असतात आणि त्यांना सांभाळून घेणारी चेतापेशी बहुधा संथ गटातली. म्हणून उतारवयात ताकद कमी होते त्याहून चपळाई जास्त कमी होते. पायरीला ठेच लागली की तोल सावरायला दुसरा पाय क्षणात पुढे पडावा लागतो. ते काम या झटकन चालणाऱ्या तंतूंचं. ते उरले नाहीत की माणूस पडतो, आणि लोकांना वाटतं लक्ष नव्हतं.

पुढच्या वेळी बाबा उठताना समोर बसून नीट बघा. पाय कुठे आहेत? बहुतेक वेळा ते गुडघ्यांच्या पुढे पसरलेले असतात आणि पाठ मागे टेकलेली असते. तसं बसून तुम्हीही उठू शकणार नाही, करून बघा. आधी पुढे सरकून खुर्चीच्या कडेशी यायचं. टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायच्या. मग धड पुढे झुकवायचं, इतकं की नाक पायाच्या बोटांच्या रेषेत येईल, आणि मगच मांड्यांनी जोर लावायचा. बसताना धपकन न बसता मनात तीन आकडे मोजत खाली यायचं. हे सावकाश खाली येणं फार मोलाचं आहे, कारण तेव्हा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलत असतो. सुरुवातीला खुर्ची भिंतीला टेकवा, स्वतः शेजारी उभे राहा, उशी घालून बैठक उंच करा आणि जमेल तशी उशी पातळ करत न्या. छातीशी हात बांधून सलग पाच वेळा उठायला १५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर पायांची ताकद कमी आहे असं युरोपातल्या तज्ज्ञांच्या निकषात धरलं जातं. तो आकडा तुमच्याकडे लिहून ठेवा.

'या वयात काय स्नायू येणार' हे वाक्य मी रोज ऐकते. १९९० मध्ये मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या १० अशक्त लोकांना आठ आठवडे पायांचा वजनं लावून व्यायाम दिला. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे अडीचपटीहून जास्त झाली. मांडीच्या स्नायूचा घेर मात्र तितका वाढला नव्हता, कारण सुरुवातीची बरीचशी वाढ ही चेतापेशींनी आहे त्या तंतूंना नीट कामाला लावल्यामुळे होते. बाबा त्यांच्यापेक्षा जवळजवळ वीस वर्षांनी लहान आहेत. व्यायामाला प्रथिनांची जोड हवी. साठीपुढे दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम धरतात, पण मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांनाच ठरवू द्या.

वय वाढणं म्हणजे मुख्यतः काय, तर राखीव ताकद कमी होणं. तरुण शरीरात प्रत्येक अवयवाकडे रोजच्या गरजेच्या कितीतरी पट क्षमता शिल्लक असते. सत्तरीतल्या माणसाचं स्वस्थ बसलेलं असताना सगळं सुरळीत दिसतं; ताप, उन्हाचा तडाखा किंवा शस्त्रक्रिया आली की शिलकीतलं काढावं लागतं आणि तेव्हा ती किती थोडी उरली आहे ते कळतं. मूत्रपिंडाचंच घ्या. चाळिशीनंतर गाळण्याचा वेग दर वर्षी मिनिटाला साधारण एक मिलिलिटरने उतरतो. पण रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड गाळून बाहेर टाकतं तो टाकाऊ पदार्थ, स्नायूंतून येतं आणि स्नायूही कमी झालेले असतात, त्यामुळे रिपोर्टवर आकडा छान दिसतो आणि मूत्रपिंड मात्र अर्ध्या क्षमतेवर चाललेलं असू शकतं. क्रिएटिनिनबरोबर ईजीएफआर, म्हणजे गाळण्याच्या वेगाचा अंदाज, लिहिलेला असतो, तो बघा. हेही सांगायला हवं की १९५८ पासून चालू असलेल्या बाल्टिमोरच्या दीर्घकालीन अभ्यासात सुमारे एक तृतीयांश लोकांत ही घसरण आढळलीच नाही. सगळ्यांची शरीरं एका चालीने म्हातारी होत नाहीत.

याचा औषधांशी थेट संबंध आहे आणि घराघरांत इथेच चुकतं. अंगातलं पाणी कमी होतं, चरबीचं प्रमाण वाढतं, म्हणून चरबीत विरघळणारी औषधं शरीरात रेंगाळतात. डायझेपाम हे झोपेचं, चिंतेचं जुनं औषध. रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला विशीत साधारण २० तास लागतात, ऐंशीत ९० च्या आसपास. आदल्या रात्रीची गोळी उतरायच्या आत दुसरी पोटात जाते, दिवसभर झापड राहते, पाय लटपटतात, आणि आपण म्हणतो वय झालं. बाबांच्या सगळ्या गोळ्या, तापात सुरू झालेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा आणि यातलं काय बंद करता येईल असं विचारा.

रक्तवाहिन्यांना लवचीक ठेवणारं इलास्टिन बहुतेक सगळं लहानपणीच तयार होतं आणि मग तेच आयुष्यभर पुरवावं लागतं. ते झिजलं की महाधमनी ताठर होते, वरचा रक्तदाब चढतो आणि साठीनंतर खालचा उलट उतरायला लागतो. उभं राहिल्यावर रक्तदाब सावरणारी यंत्रणाही मंदावते. म्हणून पलंगावरून उठल्यावर मिनिटभर कडेला बसायचं, पाय हलवायचे, मग उभं राहायचं. तहानेची जाणीवही बोथट होते. 'लागेल तेव्हा पितील' यावर विसंबू नका.

डोळ्यांचं सगळ्यांना माहीत असतं. भिंगात आयुष्यभर नवे थर साचत जातात, ते कडक होतं, आणि चाळिशीत वाचायचा चष्मा लागतो. त्यात बाहुलीही लहान होते, त्यामुळे साठीत डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश उजेड पोचतो. जिन्यात दिवा वाढवा.

कानाबद्दल मात्र थोडं जास्त लिहिते, कारण त्यावरून घरात विनाकारण चिडचिड होते. आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी गेल्या की माणसात पुन्हा येत नाहीत, आणि वरच्या पट्टीतले आवाज टिपणाऱ्या आधी जातात. अ, आ, इ अशा स्वरांचा आवाज खालच्या पट्टीतला, तो ऐकू येतो. स, श, त, क, फ ही व्यंजनं वरच्या पट्टीतली, ती गळून पडतात. तुम्ही 'सात' म्हणता, त्यांना 'आत' ऐकू येतं. आवाज आला पण शब्द कळला नाही, म्हणून ते भलतंच उत्तर देतात आणि आपल्याला वाटतं डोकं चालत नाही. ओरडून उपयोग नाही, त्याने स्वरच मोठे होतात. समोर येऊन, चेहऱ्यावर उजेड असताना, नेहमीच्या आवाजात सावकाश बोला. आणि श्रवणयंत्राला उशीर करू नका.

आता भावाने आणलेल्या गोळ्यांबद्दल. १९६१ मध्ये लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवलं की माणसाच्या पेशी प्रयोगशाळेत साधारण पन्नासेक वेळाच विभागतात आणि मग थांबतात. त्याआधी पेशी अमर असतात अशी समजूत होती. गुणसूत्रांच्या टोकांवरची टेलोमिअर दर विभाजनाला आखूड होत जातात हे यामागचं एक कारण. टेलोमिअरवरच्या कामाला २००९ चं नोबेल मिळालं. थांबलेल्या पेशी मरत नाहीत, आजूबाजूला दाह वाढवणारी रसायनं सोडत राहतात. मुक्त मूलकांमुळे, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या अस्थिर रेणूंमुळे, वय होतं ही कल्पना १९५६ मध्ये डेन्हम हार्मन यांनी मांडली आणि या रेणूंना निकामी करणाऱ्या अँटिऑक्सिडंटचा बाजार तिच्यावर उभा आहे. पण १९९४ मध्ये फिनलंडमधल्या २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीचे निष्कर्ष आले, तेव्हा बीटा कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढलेला दिसला. भावाने प्रेमाने आणल्या असतील, तरी बाबांना देऊ नका.

आणि जे वय नाही ते वयाच्या खाती घालू नका. नाव पटकन न आठवणं, नवं शिकायला वेळ लागणं हे वयाचं. ओळखीच्या वाटेवर चुकणं, तेच पुन्हा पुन्हा विचारणं हे नाही. वजन विनाकारण उतरणं, पायांवर सूज, बसल्या जागी धाप, हेही नाही. जिन्यात थांबावं लागतं म्हणालात, ते दमल्यामुळे की धाप किंवा छातीत भरून आल्यामुळे, हे बाबांना नीट विचारा. दुसरं असेल तर व्यायामाआधी हृदयाची तपासणी. छातीच्या हाडामागची, संसर्गाशी लढणाऱ्या पेशी घडवणारी थायमस ग्रंथी वयात आल्यापासूनच आक्रसत जाते आणि उतारवयात संसर्गाला शरीर जोरात उत्तर देत नाही. कधी ताप येतच नाही, माणूस अचानक बरळायला लागतो, एवढंच लक्षण. असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर.

डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं की उद्यापासून खुर्चीतून जमेल तितक्या वेळा उठणं-बसणं, दिवसातून तीनदा, मध्ये एखादा दिवस फक्त चालणं. सुरुवातीचे दोन आठवडे फरक दिसणार नाही आणि बाबा कंटाळतील. तेव्हा तुम्ही शेजारची खुर्ची घेऊन त्यांच्याबरोबर करा. पाच वेळा उठायला आज किती सेकंद लागतात, आणि हात टेकावे लागतात का, तेवढं इथे लिहा. आठ आठवड्यांनी पुन्हा मोजू.