बारशाच्या आधी ओठ शिवून मिळेल का?

"मॅडम, रविवारी बारसं आहे. त्याच्या आत निदान ओठ तेवढा शिवून द्या. टाळूचं मग बघू."

असं म्हणणारं हे काही पहिलं कुटुंब नव्हे. कुणाकडे बारसं असतं, कुणाकडे गावाहून पणजी येणार असते, एकदा तर आत्याचा साखरपुडा होता. मुंबईतल्या एका रुग्णालयात मी समुपदेशनाचं काम करते, आणि दुभंगलेल्या ओठ-टाळूची बाळं सर्जनला दाखवायच्या आधी किंवा नंतर माझ्या टेबलाशी येतात. ही मंडळी डिलाइल रोडच्या चाळीतली. आईला इथे वैशाली म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. बाळ सहा दिवसांचं. आदल्या रात्री पाचवी पुजून झालेली. डाव्या बाजूचा ओठ नाकपुडीपर्यंत उघडा, हिरडी आणि टाळू, म्हणजे तोंडाचं आतलं छतही. आजी दुपट्याचं टोक पुन्हा पुन्हा बाळाच्या तोंडावर ओढत होत्या.

बाळाच्या वडिलांनी मोबाइल पुढे केला. परदेशात दुसऱ्याच दिवशी ओठ शिवलेल्या बाळाचा व्हिडिओ. "तिकडे करतात, मग आपल्याकडे तीन महिने का थांबवतात? आमच्याकडे पैसे नाहीत म्हणून का?"

हा राग मला समजतो. म्हणून आधी पैशाचं बोलले. दुभंगलेला ओठ-टाळू राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात येतो, 'स्माइल ट्रेन'सारख्या संस्थाही अशा शस्त्रक्रियांचा खर्च उचलतात, तेव्हा पैशासाठी कुणी त्यांना थांबवलेलं नव्हतं. मग बाकीचं. हो, काही ठिकाणी पहिल्या काही दिवसांत ओठ शिवलेले आहेत. इतक्या लवकर शिवलं की व्रणच राहत नाही असंही सांगितलं जातं. ते सिद्ध झालेलं नाही. भूल मात्र नवजात बाळाला जास्त धोक्याची असते, हे पक्कं आहे. अशा काही बाळांच्या हृदयातही दोष असतो, तो आधी तपासावा लागतो. आणि रक्त. मी वडिलांना विचारलं, अडीच किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्त किती असेल? लिटरभर, ते म्हणाले. दोनशे मिलीच्या आसपास, म्हणजे दोन-अडीच कटिंग चहाएवढं. ते गप्प झाले.

सर्जन लोकांचा जुना 'दहाचा नियम' आहे: वय 10 आठवडे, वजन 10 पौंड म्हणजे साधारण साडेचार किलो, हिमोग्लोबिन 10. आज तो कुणी डोळे मिटून पाळत नाही, पण ओठ तीन ते सहा महिन्यांत आणि टाळू साधारण नऊ महिने ते दीड वर्ष, हा अंदाज बहुतेक ठिकाणी सापडेल.

खरं तर मला त्यांच्या तारखेची काळजी नव्हतीच. काळजी वजनाची होती. जन्माचं 2.6 किलो, त्या दिवशी 2.4. पहिल्या आठवड्यात थोडं उतरतंच, पण हे बाळ पुढे चढणार कसं? मी वैशालीला तिथेच पाजायला सांगितलं. तिने छातीशी धरलं. बाळ तोंड हलवतंय, घाम फुटलाय, पण घोट नाही. टाळू उघडी असली की तोंडात ओढ तयारच होत नाही, फुटक्या स्ट्रॉने सरबत ओढावं तसं. थोडं दूध गेलं ते नाकातून परत. पाऊण तासाने दोघंही दमून रडत होती. बाटलीला मोठं भोक पाडून पाजल्यावर ठसका लागला होता, म्हणून आजींनी ती बंद केली होती. चांगलंच केलं.

"तुमच्याकडे बोंडलं आहे का हो, आजी?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. होतं. बाळाला दूध पाजायचं चोचीचं छोटं भांडं, चांदीचं, मुलाच्या वेळचं, कपाटातल्या डब्यात. मग आमच्या नर्सने दाखवलं: हाताने पिळून काढलेलं आईचं दूध, बाळाचं डोकं वर, जवळजवळ बसतं धरलेलं, बोंडल्याची चोच चांगल्या बाजूच्या गालाशी, घोट गिळला की पुढचा. मध्येमध्ये ढेकर. अर्ध्या तासात संपवायचं, नाहीतर पिण्यातच मिळवलेली ताकद खर्च होते. बोंडलं दर वेळी उकळायचं. शेवटची ही गोष्ट मी तीनदा सांगितली.

जाता जाता आजींनी मनातलं बोलून टाकलं. "हिने ग्रहण पाळलं नाही. पाचव्या महिन्यात विळीवर बसली होती." वैशालीची मान खाली. ग्रहणाबद्दल वाद घालून मी आजवर एकही आजी जिंकलेली नाही. एवढंच म्हटलं की ओठ पहिल्या दोन महिन्यांतच जुळतो, टाळू तिसऱ्यापर्यंत. पाचव्यात जे व्हायचं ते केव्हाच होऊन गेलं होतं. आजींना पटलं असं नाही वाटत. पण ते वाक्य त्यांच्यासाठी नव्हतंच. ज्या बाईसाठी होतं तिने मान वर केली.

बारसं झालं, झाकाझाक न करता. मी एक वाक्य तयार करून दिलं होतं: "ओठ-टाळू जुळायची राहिलीय, तीन महिन्यांनी ऑपरेशन आहे." कुणी 'अगंबाई' म्हणायच्या आत घरच्यांनीच म्हणायचं. वडिलांनी ते पाळणा बांधतानाच सगळ्या गॅलरीला ऐकवलं म्हणे.

महिन्याला 2.9, शंभराव्या दिवशी 4.9. ओठ शिवला. एक गोष्ट मी पूर्वी आयांना सांगत नसे आणि त्याबद्दल मला वाईट वाटतं: शिवल्यावर चेहरा बदलतो, आणि आईला तो परका वाटू शकतो. आधी-नंतरचे फोटो दाखवले की काम झालं, असं मला वाटायचं. वैशालीला आधी सांगितलं होतं, तरी ती वॉर्डात रडली. "आधी कसा तोंडभर हसायचा." तिने जुना फोटो मोबाइलवरून काढला नाही. काढू नकोच, म्हटलं.

आणि मग, आमच्याकडे नेहमी होतं तेच झालं. ही मंडळी यायची बंद झाली. ओठ जुळला की बाळ 'बरं' दिसतं, उघडी टाळू कुणाला दिसत नाही. सहा दिवसांच्या बाळासाठी घाई करणारेच लोक दहा महिन्यांच्या बाळासाठी निवांत होतात. माझ्या कामातली ही सगळ्यात मोठी डोकेदुखी आहे. घाई खरं तर इथे हवी. 2023 मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, फक्त टाळू दुभंगलेल्या बाळांचा. सहाव्या महिन्यात शिवलेल्यांपैकी सुमारे 9 टक्के मुलांची टाळू पाचव्या वर्षी बोलताना नीट मिटत नव्हती, बाराव्या महिन्यात शिवलेल्यांत 15 टक्के. उत्तम भूलतज्ज्ञ हाताशी असलेल्या ठिकाणचे आकडे आहेत, आणि आमच्या बाळाची टाळू ओठासकट दुभंगलेली, म्हणून ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण वर्षानुवर्षं ढकलू नका, एवढं त्यातून कळतं.

मी फोन केला. आकडे सांगितले नाहीत. विचारलं, बोलतो काय काय?

"मामा म्हणतो. नाना म्हणतो. चाळभर मामा-मामा करत फिरतो."

"आणि बाबा? दादा?"

पलीकडे वडील थोडा वेळ बोललेच नाहीत. 'म' आणि 'न'ला हवा नाकातून जावी लागते, ती जातेच. 'ब' आणि 'द'ला हवा तोंडात अडवून धरावी लागते, आणि ती टाळूच्या फटीतून निसटते. पुढच्या सोमवारी तिघंही हजर. कानही तपासले, कारण अशा मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साठतं आणि ऐकू कमी येतं. वाढदिवस झाला आणि दहा दिवसांनी टाळू शिवली.

आता 'बाबा' येतं, पण थोडं नाकात, कधी 'मामा'च ऐकू येतं. स्पीच थेरपी चालू आहे. पुढे सात-आठ वर्षांचा झाला की हिरडीत हाड भरायचं आहे. परवा आजींचा फोन होता. थेरपीच्या दिवशी चाळीत सत्यनारायण आहे, तारीख पुढे ढकलून मिळेल का?

मी नाही म्हटलं.