पोन्तोर्मोचं चित्र पहिल्यांदा बघताय? मग एवढंच करा

तुम्ही लिहिलंय की मॅनरिझम, म्हणजे सोळाव्या शतकातली ती इटालियन चित्रशैली, डोक्यावरून जातो, माणसं वेडीवाकडी वाटतात. अहो बरोबरच पकडलंय तुम्ही, तिथूनच सुरुवात करायची! शंभर चित्रं चाळू नका, एकच घ्या, इटलीतल्या फ्लोरेन्सच्या सांता फेलिचिता चर्चमधलं, तिथल्याच चित्रकार पोन्तोर्मोचं, 1525 ते 28 मधलं. येशूचं शव खाली उतरवतायत असं म्हणतात, पण नीट बघा, क्रूस कुठंय? शिडीपण नाही. नुसता एक ढग आणि माणसांची दाटी.

आधी या तीन गोष्टी:
१. पाय बघा. पुढे उकिडवा बसलेला पोरगा येशूचे पाय खांद्यावर घेऊन पायाच्या बोटांवर तोललाय, एवढं वजन असं कोणी पेलेल का? नाही ना, तेच तर दाखवायचंय पोन्तोर्मोला.
२. हात मोजा, कुठला कोणाचा ते शोधा. मी तासभर अडकलो होतो त्यात.
३. रंग. गुलाबी, फिकट निळा, हिरवा, शोकाच्या प्रसंगाला असले रंग! अंगावर येतात अक्षरशः.

नवीन लोकांची नेहमीची चूक म्हणजे राफाएलशी, त्याच्या आधीच्या त्या नामांकित चित्रकाराशी, तुलना करून 'याला शरीर जमलं नाही' म्हणायचं. पोन्तोर्मोला सगळं जमत होतं हो, त्याने मुद्दाम ताणलंय. दुसरी चूक, मोबाइलवर दोन सेकंदात उरकायचं, मूळ चित्र तीन मीटरहून उंच आहे, निदान मोठ्या स्क्रीनवर तरी बघा. ग्रंथ, सिद्धांत नंतर. आधी मरियेचा चेहरा बघा, मग लेकाकडे वळलेला तिचा हात.