बाल्साच्या पंखावर फिल्म चढवताना सुरकुत्या का येतात आणि कडा कशा कापायच्या?

मॉडेल विमानाच्या बाल्सा या हलक्या लाकडाच्या पंखावर तुम्ही फिल्म, म्हणजे इस्त्रीनं चिकटवायचं आणि तापवलं की आकसणारं प्लास्टिक, चढवली. तो पंख रात्री ताठ दिसला, सकाळी उन्हात नेला तर सुरकुत्यांनी भरला आणि कडा कापताना फिल्म फाटली, असं तुम्ही लिहिलंय. परभणीत मी याच उन्हात मॉडेल विमानं उडवतो, म्हणून सुरकुत्यांचं आधी सांगतो.

बहुतेक वेळा कडा पक्क्या चिकटलेल्या नसतात. मग फिल्म आकसताना कड सरकते, आणि उन्हात गडद रंग तापला की आणखी सरकते. आधी कडा चिकटवा, त्यासाठी साधारण 100 अंश पुरतात. ताणायचं नंतर, 150 च्या आसपास. नेमके आकडे तुमच्या फिल्मच्या रोलसोबतच्या कागदावर पाहा. थर्माकोलचा पंख असेल तर कमी तापमानाचीच फिल्म घ्या, कारण थर्माकोल 100 अंशांच्या आसपास मऊ पडतो. आपल्याकडे वीज मधेच जाते, तेव्हा निवत चाललेल्या इस्त्रीनं काम पुढे रेटू नका. तो जोड नक्की सुटतो. सुरुवातीला बाल्साच्या तुकड्यावर फिल्म चिकटवून ओढून बघा. लाकडाचे तंतू सोबत निघाले तर कडांसाठी उष्णता बरोबर आहे.

दुसरं कारण लाकूड. पावसाळ्यात बाल्सा दमट हवेनं फुगतो, मे महिन्यात 42-43 अंशांत सुकून आकसतो आणि फिल्म ढिली होते. जुलैत चढवलेल्या पंखावर उन्हाळ्यात एकदा हलकी इस्त्री फिरवावीच लागते. त्यात तुमची चूक नाही.

आता कापणं, कारण माझा जीव यातच अडकलाय. लाकडावर टेकवून ब्लेड कधीही चालवू नका. मी एकदा दोन रंगांचा जोड सरळ यावा म्हणून स्टीलची पट्टी थेट पंखावर ठेवून, स्पारच्या (पंखातल्या मुख्य लांब काठीच्या) कडेनं कटर ओढला. वरचं बाल्सा शीट दीड मिलिमीटरचं, त्यात ब्लेड किती उतरलं ते दिसलंच नाही. तिसऱ्या उड्डाणात लूपमधून (उभ्या गोल गिरकीतून) बाहेर काढताना पंख मिटला. ज्वारीच्या धसकटांत तुकडे गोळा केले, तर तुटलेली रेघ पट्टीनं आखल्यासारखी सरळ होती! तीन महिन्यांचं काम होतं ते, आणि अजून आठवलं की वाईट वाटतं.

म्हणून रंगाचा तुकडा काचेवर आधी कापून घ्या, मग पंखावर लावा. एकावर एक 5-6 मिलिमीटर येऊ द्या आणि गडद रंग वर ठेवा, नाहीतर तो फिक्या रंगातून दिसतो. पंखावरच कापायची वेळ आलीच तर बारीक टोकाची सोल्डरिंग इस्त्री झरकन फिरवा. फिल्म वितळते, लाकडावर चर पडत नाही. हे काम मोकळ्या हवेत करा, धूर वाईट असतो.

कडेची जास्तीची फिल्म कापताना ती बाहेर ताणून धरा आणि ब्लेड जवळजवळ आडवं ठेवून एकाच ओढीत न्या. तुमची फिल्म फाटते ती बोथट ब्लेडनं. फिल्मवर ब्लेडची धार लवकर जाते, म्हणून मी एका पंखाला कटरचे निदान तीन-चार तुकडे मोडतो. कंजूषी इथे नको.

क्रम असा: आधी खालची बाजू, मग वरची, म्हणजे वरच्या फिल्मची कड लीडिंग एजवरून (पंखाच्या पुढच्या कडेवरून) खाली वळते आणि वारा तिच्यात शिरत नाही. बुडबुडा आला तर सुईनं टोचून मग इस्त्री करा.

शेवटी पंख सपाट टेबलावर ठेवून दोन्ही टोकांकडची ट्रेलिंग एज (पंखाची मागची कड) टेबलापासून किती वर आहे ते मोजा. फिल्म आकसताना पंखाला पीळ देते. फरक दिसला तर उलट्या बाजूला हातानं पीळ देऊन धरा, तसाच धरून फिल्म पुन्हा तापवा आणि पूर्ण थंड होईपर्यंत सोडू नका. मला तरी दोघांची गरज लागते, एकजण पंख धरतो, दुसरा इस्त्री.