रस्त्यावर दार उघडणारं डुप्लेक्स: 65 लाख जास्त द्यायचे का?

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. ठाण्यात कोलशेतला टॉवरचं काम चालू आहे, त्याच्या पायथ्याशी रस्त्याच्या बाजूने दोन मजली डुप्लेक्सची ओळ आहे, स्वतःचं दार, पुढे छोटं अंगण, सेल्सवाले त्याला टाउनहाउस म्हणतात. ते 980 चौरस फूट कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा), 2 कोटी 10 लाख. वरचा 2 बीएचके 720 कार्पेट, 1 कोटी 45 लाख. नौपाड्याचं जुनं घर विकून 80 लाख येतील, साठवलेले 35, दोघांचा मिळून पगार आणि प्रॅक्टिसचे हातात 1 लाख 90 हजार, मुलगी आठवीत. मिस्टरांना डुप्लेक्सच हवंय आणि तुम्हालाही, कारण खाली फिजिओथेरपीचे पेशंट बघता येतील, आत्ता गाळ्याचं भाडं 22 हजार जातंय.

माझं मत सरळ सांगतो, या किमतीला नको.

फरक 65 लाखांचा दिसतो पण तो तेवढा नाहीये. ठाण्यात स्टॅम्प ड्युटी 7 टक्के, बांधकाम चालू असल्यामुळे जीएसटी 5 टक्के, रजिस्ट्रेशनचे 30 हजार, म्हणजे डुप्लेक्स पडतं साधारण 2 कोटी 35 लाखांना आणि वरचा फ्लॅट 1 कोटी 63 लाखांना, फरक झाला 72-73 लाख. (घर फक्त तुमच्या एकटीच्या नावावर घेतलं तर ड्युटी 1 टक्का कमी, डुप्लेक्सवर ते 2 लाख 10 हजार होतात, घरी बोलून बघा.) आता 10 लाख अडीअडचणीला बाजूला ठेवायचेच, त्याला हात लावायचा नाही, उरलेले 1 कोटी 5 लाख टाकले तरी डुप्लेक्सला 1 कोटी 30 लाखांचं लोन लागतं, साडेआठ टक्के आणि 20 वर्षं धरली तर ईएमआय 1 लाख 13 हजार. वरच्या फ्लॅटला तोच 50 हजार. गाळ्याचे 22 हजार वाचले तरी महिन्याला 41 हजार जास्त जाणार आणि चार वर्षांनी मुलीचं कॉलेज उभं राहणार. हातात येणाऱ्या पैशाच्या जवळपास 60 टक्के एका हप्त्यात, हे मला झेपणारं वाटत नाही, बँक देईल हो, बँकेचं काय.

आणि क्लिनिकचं म्हणाल तर करारनाम्यात ते राहायचं घर आहे. बोर्ड लावून रोज बाहेरचे पेशंट यायला लागले की सोसायटीत कोणीतरी हरकत घेतंच, वापर बदलायची परवानगी, कमर्शियल दराने मालमत्ता कर, वीजबिल असं एकेक मागे लागू शकतं. बिल्डरकडून तोंडी 'चालतं हो मॅडम' नको, लेखी घ्या आणि तेही मंजूर प्लॅनवरून आर्किटेक्टला दाखवून. ते मिळत नसेल तर वाचणारे 22 हजार गणितातून काढूनच टाका.

आता घराबद्दल, कारण पैसे शेवटी त्याचेच द्यायचेत. ही कल्पना वाईट नाही, व्हँकुव्हरला 1990 च्या दशकापासून असे टॉवर झालेत, वर बारीक टॉवर आणि खाली फुटपाथला लागून घरांची ओळ, चार पायऱ्या चढून दार, म्हणजे रस्ता निर्जीव वाटत नाही आणि जाणाऱ्याची नजर थेट हॉलमध्ये जात नाही. पण तिथे पार्किंग बहुतेक जमिनीखाली असतं. आपल्याकडे पार्किंगचा पोडियम, म्हणजे टॉवरखालचे पार्किंगचे मजले, जमिनीच्या वर आणि ही घरं त्याच्या पुढ्यात चिकटवलेली, म्हणजे मागे भिंत आणि भिंतीपलीकडे गाड्या. प्लॅन काढा आणि किचनची खिडकी कुठे उघडते ते बघा. खिडक्या फक्त रस्त्याच्या बाजूला असतील तर हवा आरपार जाणार नाही, आणि रस्त्याची धूळ नको म्हणून त्याही बंद राहणार. दुसरं, 980 मध्ये आतला जिना धरलाय, दोन्ही मजल्यांचा मिळून शंभरेक फूट त्यात जातो, म्हणजे वापरायला 880. त्या हिशोबाने फुटाला जवळपास 23,900 पडतात, वरच्या फ्लॅटला 20,100. अंगण कार्पेटमध्ये नाहीच, ते तुमच्या एकट्याच्या वापराचं म्हणून करारात लिहिलंय का, आणि रस्ता रुंद झाला तर त्यातलं किती जातं, हे डीपीवर, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यावर, बघून घ्या. घोडबंदरला सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात घ्यायचं काम निघालं तेव्हा शांत सर्व्हिस रोड बघून घर घेतलेल्यांच्या दारात हायवे आला, हे तुमच्या डोळ्यासमोरचंच आहे.

जोत्याची उंची रस्त्यापासून किती ते विचाराच. रस्ते काँक्रीटचे होताना वर येतात आणि जुन्या बिल्डिंगचे तळमजले खड्ड्यात जातात, नौपाड्यात राहून तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. गणपती आणि दहीहंडीचे डीजे पण ऐकून आहातच, फक्त आता ते बेडरूमच्या काचेबाहेर असतील.

मेंटेनन्सचं लोकांना उशिरा कळतं. सोसायटी झाल्यावर आदर्श उपविधीप्रमाणे (सोसायट्यांची नमुना नियमावली) लिफ्टचा खर्च सगळ्यांना सारखा, तुम्ही लिफ्टने जा नाहीतर जाऊ नका. सोसायटी होईपर्यंत बिल्डर फुटावर घेतो, तिथे मोठं घर म्हणून तुमचंच जास्त.

विकायला गेलात तर? 2 बीएचकेला ठाण्यात कायम गिऱ्हाईक आहे आणि त्याच टॉवरमधले दहा व्यवहार बघून बँकेचा व्हॅल्युअर भाव लावतो. अशी डुप्लेक्स त्या ओळीत मोजकीच, तुलनेला व्यवहार नाही, वर दोन कोटींपुढे गिऱ्हाईकच कमी, त्यामुळे घाई असेल तेव्हा भाव खाली द्यावा लागतो. उलट बाजूही आहे, गुडघेदुखीचे आईवडील सोबत राहणार असतील तर लिफ्टशिवायचं घर सोन्यासारखं, पण तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही, आणि बेडरूम वरच्या मजल्यावर असेल तर तेही गेलं.

तरी मिस्टरांचा जीव त्यातच असेल तर भाव 1 कोटी 77 लाखांवर आणा, वरच्या फ्लॅटच्या रेटने 880 फुटांचे तेवढेच होतात. तेव्हाही ईएमआय 81 हजारांच्या आसपास राहतो, क्लिनिकची लेखी परवानगी हातात असेल तरच तो पेलेल. बिल्डर तिथवर आला नाही तर वरचा फ्लॅट घ्या, गाळा चालू ठेवा आणि महिन्याला उरतील त्यातले 30 हजार मुलीच्या नावाने एसआयपीत टाका. नोंदणीकृत करारनामा व्हायच्या आधी 10 टक्क्यांच्या वर एक रुपया देऊ नका, रेरात, म्हणजे बिल्डरांवरच्या कायद्यात, तसं मागताच येत नाही. आणि नौपाड्याचं घर विकायच्या आधी सीएला भेटा, नफ्यावरचा कर वाचवायला नवीन घर 3 वर्षांत पूर्ण व्हावं लागतं आणि या टॉवरची पझेशनची तारीख मला तुमच्या मेलमध्ये कुठे दिसली नाही.