वाचकांचे प्रश्न : आधी वहीत, मग करारनाम्यावर

प्रश्न : आम्ही ठाण्यात कासारवडवलीला 24 हजार रुपये भाड्याच्या घरात राहतो. माझी बँकेतील नोकरी ठाणे स्टेशनजवळ आहे आणि यजमानांचे ऑफिस ऐरोलीला. तीन महिन्यांपूर्वी तळोज्याला बांधकाम चालू असलेल्या इमारतीत 75 लाखांचा फ्लॅट पसंत करून आम्ही 3 लाख रुपये टोकन भरले. 60 लाखांचे कर्ज मिळेल. ताबा डिसेंबर 2027 मध्ये देऊ, असे बिल्डर म्हणतो. करारनामा अजून व्हायचा आहे आणि आता माझे मन कच खाते आहे. यजमान म्हणतात, मागे फिरलो तर 3 लाख पाण्यात जातील. गेले वर्षभर मी मेंटल मॉडेल्सविषयी (विचार करण्याच्या चौकटींविषयी) पुष्कळ वाचले, 41 मॉडेल्सची यादी करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली, पण ती वाचली की गोंधळ वाढतोच. मुलगी दुसरीत आहे; शाळा सुटल्यावर ती माझ्या आईकडे जाते, आई दोन इमारती सोडून राहते. यांतले कोणते मॉडेल मी वापरावे? – एक वाचक, ठाणे

उत्तर : 41 पैकी तुम्हाला आज तीनच लागणार आहेत. अमेरिकन गुंतवणूकदार चार्ली मंगर यांनी 1994 साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील भाषणात निरनिराळ्या विद्याशाखांमधल्या विचारचौकटी माणसाच्या डोक्यात असाव्यात असा आग्रह धरला होता. पण त्या एकमेकींत गुंफलेल्या असाव्यात, हे त्यांचे म्हणणे होते. प्रत्येक प्रश्नावर सगळ्या चालवून पाहाव्यात, असे नव्हे.

पहिली चौकट बुडीत खर्चाची. यजमानांचे वाक्य ऐकायला व्यवहारी वाटते, परंतु 3 लाख देऊन झालेले आहेत आणि निर्णय आजपासून पुढे द्यायच्या 72 लाखांचा आहे. एखाद्या अनोळखी माणसाने आज सकाळी हाच फ्लॅट, याच मजल्यावर, याच ताब्याच्या तारखेला 72 लाखांना देऊ केला असता, तर तुम्ही दोघांनी तो घेतला असता का? टोकनपैकी काही रक्कम परत मिळणार असेल, तर ती या 72 लाखांत मिळवा आणि मग विचारा, कारण पुढे जाल तर तेवढे पैसेही सोडावे लागणार आहेत. त्यासाठी बिल्डरने दिलेल्या वाटपपत्रातील रद्द करण्याचे कलम आजच काढून वाचा. आपले किती जाणार, हे न वाचताच ‘सगळे बुडणार’ असे धरून चालणारी पुष्कळ कुटुंबे मी पाहिली आहेत. रेरा या स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या कलम 13 नुसार नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम घेता येत नाही, म्हणजे तुमच्या बाबतीत साडेसात लाख. तुम्ही अजून 3 लाखांवर आहात. एकदा मुद्रांक शुल्क भरून करारनामा नोंदवला, की परतीची वाट फार महाग होते. म्हणून मन आताच कच खाते आहे हे मला तुमचे सुदैव वाटते.

दुसरी चौकट मुदतीची. डॅनिएल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली दाखवून दिले, की माणूस आपल्या कामाला लागणारा वेळ नेहमी कमी धरतो, कारण तो स्वतःच्या योजनेकडे पाहतो, तशाच इतर कामांचे काय झाले याकडे पाहत नाही. पुढे 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी 34 दिवसांत होईल असा अंदाज दिला होता आणि प्रत्यक्षात सरासरी 55 दिवस लागले. तेव्हा ‘डिसेंबर 2027’ ही तारीख बाजूला ठेवा. महारेराच्या (राज्यात रेरा कायदा राबवणाऱ्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर या बिल्डरचे आधीचे प्रकल्प शोधा, प्रत्येकाची मूळ तारीख आणि वाढवून घेतलेली तारीख समोरासमोर लिहा आणि सर्वसाधारणपणे जितका उशीर दिसेल तितका याही इमारतीला होईल असे धरा. हप्त्याचा हिशेब तुम्हाला मी सांगायला नको. साडेआठ टक्के व्याजाने, 20 वर्षांसाठी, 60 लाखांवर महिना 52 हजार आणि एकूण परतफेड सव्वा कोटीच्या घरात. पण ताबा लांबेल तितके महिने कर्जाचे व्याज आणि कासारवडवलीचे भाडे ही दोन्ही ओझी एकाच वेळी तुमच्या पगारांतून जातील. किती महिने ते पेलेल, हा आकडा कागदावर यायला हवा.

तिसरी चौकट मला सर्वांत उपयोगी वाटते. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञांनी 2007 साली ती उद्योगजगतासाठी मांडली, पण घराच्या टेबलावर ती तितकीच चालते. असे समजा, की 2030 ची दिवाळी आली आहे, तुम्ही तळोज्याला राहता आहात आणि हा निर्णय साफ फसलेला आहे. तो का फसला, हे दहा मिनिटे बसून लिहा. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांना न दाखवता लिहायचे, ही अट मोडू नका. एकत्र बसलात तर ज्याचा आवाज मोठा त्याचीच कारणे कागदावर उतरतील. ‘काय चुकू शकेल’ असे विचारले की माणूस सावध, गुळमुळीत उत्तरे देतो. ‘चुकले आहे, कारण सांग’ असे म्हटले की मनात दडलेले बाहेर येते. शिवाय एखाद्या कामाच्या मंगळवारी दोघांनीही सकाळी पेंधर स्थानकावरून मेट्रो धरून बेलापूरला उतरावे, तिथून ट्रान्स-हार्बरच्या गाडीने ऐरोली आणि ठाणे गाठावे आणि संध्याकाळी त्याच वाटेने परतावे. रविवारी गाडीतून साइट पाहायला जाणे आणि हे, यांत फार अंतर आहे.

हे सर्व मी एका वहीत लिहायला सांगणार आहे आणि त्याचे कारण माझ्याच वहीत आहे. बाइंडिंगची, दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची साधी वही. गेली दहा-बारा वर्षे मोठा निर्णय घेण्याआधी मी त्यात तारीख, कारण, काय होईल असे वाटते आणि दहापैकी किती खात्री आहे, इतकेच लिहिते. 11 जून 2017 च्या पानावर लिहिले आहे : ‘आईला डोंबिवलीहून नौपाड्याला कायमची आणायची. कारण : गुडघे, तिसरा मजला, लिफ्ट नाही. सहा महिन्यांत रुळेल. खात्री : 9.’ आई रुळली नाही. औषधपाणी वेळेवर झाले, पण तिचा भिशीचा गट, समोरच्या दारातल्या काकू, संध्याकाळचे देऊळ, सगळे तुटले आणि वर्षभरात ती अगदी गप्प झाली. पुढे नातेवाइकांत मी ‘मला आधीपासून शंका होतीच’ असे सांगू लागले आणि ते मला स्वतःला खरे वाटत होते. वही उघडली, तर तिथे माझ्याच अक्षरात नऊ! बारुख फिशहॉफ आणि रूथ बेथ या संशोधकांनी 1972 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्या चीन आणि मॉस्को दौऱ्यांपूर्वी विद्यार्थ्यांकडून अंदाज लिहून घेतले होते. दौऱ्यांनंतर ते अंदाज आठवायला सांगितले, तेव्हा जे घडले त्याला आपण आधीच अधिक शक्यता दिली होती, असे अनेकांना आठवू लागले. मीही तेच करत होते. त्या पानानंतर मागची पाने चाळली तेव्हा आणखी तीन निर्णयांत मला एकच खोट दिसली : रोज भेटणाऱ्या माणसांची किंमत मी हिशेबात धरतच नाही.

म्हणूनच तुमच्या पत्रातले आईविषयीचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. किंमत, कर्ज, टोकन यांविषयी तुम्ही सविस्तर लिहिलेत आणि मुलगी शाळेनंतर कुठे जाते हे जाता जाता, प्रश्नाच्या अगदी आधी लिहिलेत. तळोज्याला गेल्यावर दुपारी साडेबारा ते संध्याकाळी साडेसात ती कोणाजवळ असेल? याचे नाव-गावासह उत्तर वहीत लिहिता येत नाही, तोवर करारनाम्याची तारीख घेऊ नका.

प्रश्न : मी 26 वर्षांचा असून घणसोलीला राहतो. व्यायाम, बचत, अभ्यास यांसाठी अॅप, प्लॅनर, एक्सेल शीट असे सर्व करून झाले. प्रत्येक पद्धत तीन आठवड्यांत बंद पडते. माझ्यात इच्छाशक्तीच नाही का? – एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : इच्छाशक्तीचा दोष मानू नका. तुमच्या पद्धतीत रोज नव्याने निर्णय घ्यावा लागतो आणि घणसोलीहून निघून थकून परतल्यावर तो कोणालाच नीट घेता येत नाही. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक अहवाल लिहून पाठवायला सांगितले होते. तो कधी आणि कुठे बसून लिहिणार, हे ज्यांनी आधी ठरवले त्यांच्यापैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी तो वेळेत पाठवला. बाकीच्यांत हे प्रमाण सुमारे एक-तृतीयांश होते. ‘रोज व्यायाम करीन’ याऐवजी ‘ऑफिसहून आल्यावर बूट न काढता सेंट्रल पार्कला दोन फेऱ्या मारीन’ असे ठरवा. बचतीसाठी तर काहीच ठरवायला नको. पगाराच्या दुसऱ्या दिवशी रक्कम आपोआप आवर्ती ठेवीत जाईल, अशी सूचना बँकेला एकदा देऊन ठेवा. आणि तीनही गोष्टी एकाच वेळी सुरू करू नका. अभ्यास सध्या बाजूला ठेवलात तरी चालेल.

प्रश्न : मी 71 वर्षांचा आहे. आमच्या पिढीने लग्ने, नोकऱ्या, घरे सारे अंतःकरणाला विचारून ठरवले. आपण आयुष्याची बेरीज-वजाबाकी करायला शिकवता आहात, असे वाटत नाही का? – एक ज्येष्ठ वाचक, वाशी

उत्तर : काका, आपली हरकत मी गंभीरपणे घेते. कागदावर आकडे मांडून प्रेम किंवा कर्तव्य ठरत नाही, हे मलाही मान्य आहे. परंतु कागद अंतःकरणाच्या विरोधात नसतो. चार्ल्स डार्विन यांनी 1838 साली लग्न करावे की न करावे याची दोन रकान्यांत यादी केली होती. न करण्याच्या बाजूला वाया जाणारा वेळ होता आणि करण्याच्या बाजूला म्हातारपणीची सोबत. पुढच्याच वर्षी जानेवारीत त्यांनी एमा यांच्याशी लग्न केले. त्याआधी, 1772 मध्ये, शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली यांनी नोकरीविषयी सल्ला विचारला, तेव्हा बेंजामिन फ्रँकलिन यांनी कळवले, की पुरेशी माहिती नसल्याने काय ठरवावे हे मी सांगू शकत नाही, कसे ठरवावे हे सांगतो. कागदाचे दोन भाग करा, तीन-चार दिवस मनात येईल ते दोन्ही बाजूंना लिहीत राहा आणि सारख्या वजनाची कारणे समोरासमोर खोडा. त्या तीन-चार दिवसांत अंतःकरणाला बोलायला भरपूर वेळ मिळतो. आपल्या पिढीतही असे कागद असतीलच. जुन्या डायऱ्यांत एखादा सापडला, तर त्यावर काय लिहिले होते ते अवश्य कळवावे.