‘दादर टी. टी.’मधलं टी. टी. आणि ट्रामचं व्याकरण

प्रश्न असा: ‘दादर टी. टी.’ यातलं टी. टी. म्हणजे काय, आणि ‘ट्राम’चं लिंग-वचन कसं चालवायचं?

टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. दादर स्टेशनच्या पूर्वेला, खोदादाद सर्कलपाशी. ३१ मार्च १९६४च्या रात्री मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून निघून दादरलाच आली. रूळ गेले, टॅक्सीवाल्याला सांगायचा पत्ता तेवढा राहिला. रेल्वेतल्या टीटीशी, म्हणजे तिकीट तपासनिसाशी, याचा काडीचाही संबंध नाही. ‘दादर टी. टी. टर्मिनस’ मात्र लिहू नये, त्यात टर्मिनस दोनदा येतं.

मुंबईच्या बस चालवणाऱ्या ‘बेस्ट’मधला ‘टी’ही असाच फसवतो. १९०५च्या कंपनीच्या नावात तो ‘ट्रामवेज’चा होता; १९४७मध्ये महापालिकेने कंपनी ताब्यात घेतल्यानंतर तो ‘ट्रान्सपोर्ट’चा झाला. १९२६मध्ये बस सुरू झाली ती या ट्रामवेज कंपनीचीच. त्या काळाबद्दल लिहिताना ‘ट्रान्सपोर्ट’ घालणं चूक.

‘ट्राम’ स्त्रीलिंगी: ती ट्राम आली, ट्रामने गेलो, ट्राममध्ये बसलो. ‘बस’सारखंच चालवा. अनेकवचनात ‘ट्रामा’ लिहिलं तर आजचा वाचक आधी ‘ट्रॉमा’ वाचेल, ‘ट्रामगाड्या’ बरं. १९०७च्या आधीच्या ट्रामबद्दल लिहायचं असेल, तर ‘घोड्यांची ट्राम’ म्हणा, कारण विजेची ट्राम १९०७ला आली.

‘रूळ’ हा शब्द रेल्वे आणि ट्राम दोन्हींना चालतो, वस्तू मात्र वेगळी. रेल्वेचा रूळ खडीवर उंच उभा असतो. ट्रामचा रस्त्याच्या पातळीत बसवलेला, त्याच्या माथ्यावर चाकाची कड जाण्यापुरती खाच. खाचेत माती-खडे दाबून बसले की चाक वर उचलून गाडी घसरू शकते. सायकलचं चाकही तिथेच अडकतं, म्हणून रूळ तिरके नाही, काटकोनात ओलांडायचे. ट्राम बाजूला घेता येत नाही. पुढची बंद पडली की मागच्या सगळ्या खोळंबतात, बस मात्र वळसा घालून निघून जाते. गर्दीच्या रस्त्यावर ट्राम मागे पडते ती यामुळेच, वेग कमी म्हणून नव्हे.

मुंबईत १९६२ ते १९७१ ट्रॉलीबसही धावत होती. डोक्यावर विजेच्या तारा असल्याने तिला ट्राम म्हणायचा मोह होतो. पण खाली रबरी टायर, रूळ नाहीत. तिला बसच म्हणावं.