फोर्कलिफ्टवरून पडलेली पोती आणि भरपाईचा हक्क

प्रश्न : माझे धाकटे बंधू मकरपुरा जीआयडीसीतील (औद्योगिक वसाहतीतील) एका गोदामात ठेकेदारामार्फत हमालीचे काम करतात. ऑगस्ट 2024 मध्ये फोर्कलिफ्टवरील पॅलेटवरून (माल रचायच्या फळीवरून) पोती घसरून त्यांच्या पायावर पडली आणि घोट्याचे हाड मोडले; पाय अजून पूर्ण वळत नाही. गोदामाचे मालक म्हणतात, माणूस ठेकेदाराचा. ठेकेदार म्हणतो, फोर्कजवळ (माल उचलणाऱ्या दात्यांजवळ) उभे राहायला कोणी सांगितले होते? आम्ही काय करावे?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : प्रथम बंधूंची पगारचिठ्ठी पाहा. तीत ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) 0.75 टक्के कपात असेल, तर भरपाईचा दावा मालकावर नव्हे, ईएसआयकडेच करावा लागतो. कामावर जाता न आलेल्या काळासाठी वेतनाच्या 90 टक्के दराने रोख लाभ मिळतो आणि कायमचे अपंगत्व वैद्यकीय मंडळाने ठरवल्यास पुढे मासिक रक्कमही मिळते.

ईएसआय लागू नसेल, तर अपघात 2024 मधला असल्याने 1923 चा कर्मचारी भरपाई कायदा लागू होतो. त्याखाली मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. माल चढवणे-उतरवणे हा गोदामाच्या नेहमीच्या धंद्याचाच भाग असल्याने, ठेकेदाराचा माणूस त्या आवारात जखमी झाला तरी मूळ मालकाकडे भरपाई मागता येते. मालकाने ती नंतर खुशाल ठेकेदाराकडून वसूल करावी.

‘जवळ का उभा राहिला’ हा युक्तिवादही टिकणारा नाही. नुसता निष्काळजीपणा पुरेसा नसतो; नशा केली होती, किंवा सुरक्षिततेचा स्पष्ट नियम जाणूनबुजून मोडला होता, असे दाखवावे लागते. शिवाय पोती आपोआप घसरत नाहीत. यंत्रावरच्या पाटीवर 2,000 किलो लिहिलेले असले, तरी ती क्षमता साधारणपणे फोर्कच्या उभ्या पाठीपासून 500 मिलिमीटरवर भारकेंद्र असतानाची असते. लांब पॅलेटमुळे ते केंद्र पुढे सरकले की तेवढेच वजन जड ठरून मागची चाके हलकी होतात. माल न बांधता, मास्ट (फोर्क वर-खाली नेणारा उभा खांब) मागे न झुकवता, फोर्क जमिनीपासून वीतभर ठेवण्याऐवजी उंच धरून वळण घेतले की वरची थप्पी सुटते. चालकाला प्रशिक्षण होते का आणि माल बांधला होता का, हे बंधूंच्या सहकाऱ्यांकडून आताच लिहून घ्या.

हजेरीची नोंद, एक्स-रे आणि डॉक्टरांचा दाखला जोडून भरपाई आयुक्तांकडे अर्ज करावा. त्याची मुदत अपघातापासून दोन वर्षे, म्हणजे ऑगस्ट 2026 पर्यंत आहे.